चांदण्या कलल्या तो उन्हाळा

खालच्या बिऱ्हाडाने काल कूलर बाहेर काढला. जुने पडदे फेकून नवा वाळा लावला, पाइपने पाणी सोडलं, आणि पाचच मिनिटांत तो वास जिन्यावरून वर आला. ओल्या मातीचा, मुळांचा, थोडा गोडसर. लोक त्या वासावर जीव टाकतात. मी उठून दार लावलं, खालच्या फटीत टॉवेल कोंबला, तरी तो आत आलाच. मग मी तुम्हाला लिहायला बसले. नाहीतर खाली जाऊन त्या बिचाऱ्या माणसांशी भांडले असते.

इरा, निहार, मागच्या मे महिन्यात तुम्ही दोघं जालन्याला आला होतात. इरा ओली चादर गुंडाळून फरशीवर झोपायची. निहारने तिसऱ्या दिवशी विचारलं, आजी, सगळ्यांकडे कूलर आहे, तुझ्याकडेच का नाही? मी म्हणाले, मला त्याची ॲलर्जी आहे. खोटं बोलले. या वयात नातवंडांशी खोटं बोलावं लागलं म्हणून स्वतःवरच चिडले. मला ॲलर्जी नाही. मला राग आहे, आणि तो वीस वर्षांहून जुना आहे. माझ्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, यावरून तुम्ही मला हसता. हा राग मात्र कुठल्या डब्यात ठेवावा ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा जालना जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. सरकारी पाट्या अजून कोऱ्या दिसायच्या. मी चाळिशीची होते, तुमची आई आणि मामा शाळेत जात होते. तुमचे आजोबा अंबडच्या कोर्टात वकिली करायचे. सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळी धुळीने पांढरे होऊन परत यायचे. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पुढे फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि लग्नानंतर पंधरा वर्षं त्या पदवीचा उपयोग फक्त मुलांचे अभ्यास घेण्यापुरता केलेली. अशात कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचा निरोप आला. मायक्रोस्कोपवर बसून काम करणारं आणि नीट इंग्रजीत नोंदी ठेवणारं माणूस हवं आहे.

त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, मीही तेवढंच म्हणेन. पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकत शिकत अमेरिकेत पोचले, तिथल्या मोठ्या यंत्रावर काम केलं. पुण्या-मुंबईकडून बोलावणी असताना हट्टाने जालन्यात परतले. येताना त्यांनी काचांची एक लाकडी पेटी मांडीवर ठेवून आणली होती. विमानात मांडीवर, रेल्वेत मांडीवर, औरंगाबादहून एसटीत मांडीवर. कंडक्टरने विचारलं, काय आहे, बांगड्या? सर म्हणाले, हो, बांगड्याच. ही गोष्ट ते स्वतः सांगायचे आणि सांगताना मला आवडायचे. माणूस सगळा वाईट असता तर रागाला सोपं गेलं असतं.

त्या काचांवर काय होतं ते सांगते. त्या यंत्रात प्रोटॉन इतके जोरात पळवतात की प्रकाशाच्या वेगाला शिवायचं जेमतेम बाकी राहतं. मग त्यांचा झोत कडेने, काचेच्या पातळीत आडवा, काचांवर सोडतात. काचेवर जिलेटिनचा थर असतो, फोटोच्या फिल्मवर असतो तसाच पण पुष्कळ जाड, त्यात चांदीचे क्षार मिसळलेले. एखादा प्रोटॉन थरातल्या एखाद्या अणूच्या गाभ्यावर नेमका आदळला की गाभा फुटतो. तुकडे चहूकडे उडतात आणि जाता जाता आपली वाट काळी करून ठेवतात. फोटोसारखी ती काच धुतली की मायक्रोस्कोपखाली सगळं दिसतं: मध्ये एक बिंदू आणि त्यातून निघालेल्या रेषा. जाड काळ्या रेषा म्हणजे गाभ्याचे संथ तुकडे. करड्या रेषा म्हणजे धक्क्याने बाहेर फेकले गेलेले प्रोटॉन. आणि समोरच्या दिशेला विरळ ठिपक्यांचा बारीक फवारा, ते त्या टकरीत नव्याने जन्मलेले कण. सर त्याला स्टार म्हणत. सुमन चांदणी म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच चांदणी म्हणायला लागलो.

सुमन म्हणजे दुसऱ्या मायक्रोस्कोपवर बसणारी. टेंभुर्णीची, बावीस-तेवीस वर्षांची, तिच्या घरात शाळेची शेवटची इयत्ता पार करणारी पहिली. वडील मेंढ्या राखायचे, पुढे थोडी जमीन करायला लागले. ती जालन्यात मावशीकडे राहून बी.एस्सी. झाली होती. तिची नजर अशी होती की मी अर्ध्या तासात एक चांदणी शोधावी तोवर तिच्या तीन झालेल्या असायच्या.

“आमच्या घरी मेंढरं मोजायची म्हंजे ती पळत्यात, बाई,” ती म्हणायची. “ह्या चांदण्या बऱ्या. जागच्या हलत बी न्हाईत.”

आम्ही रोज सहा-सात तास त्या काळोख्या खोलीत बसायचो. पश्चिमेच्या खिडकीला काळा कागद, छताला पंखा, आणि तोही बंद, कारण त्याने धूळ उडते. लेन्स आणि काच यांच्यात तेलाचा थेंब. एक डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडे ठेवून एकानेच बघायचं, हे जमायला मला महिना लागला. घाम हनुवटीवरून टपकायचा. सुमनने त्यावर उपाय काढला होता, पदराची घडी करून ती हनुवटीखाली बांधायची आणि दाढदुखीच्या पेशंटसारखी दिसायची. शिपाई रहीमचाचा दारातून डोकावून म्हणायचे, “बाईसाब, ये पोरीचा दात उपटून टाका एकदाचा.”

पाहुणे आले की सर आम्हाला दाखवायचे. “ह्या आमच्या मुली. ह्या बघतात, आम्ही विचार करतो.” पाहुणे हसायचे. मी दोन मुलांची आई, सरांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि मुलगी! सुमन माझ्या कानाशी पुटपुटायची, “मंग इचार करायला डोळे झाकून बसत्यात काय हे?” मी तिला गप्प करायची. आज वाटतं, गप्प का केलं? मोठ्याने बोलू द्यायला हवं होतं तिला.

आता जरा नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. काच धुतली की थरातली न वापरलेली चांदी निघून जाते आणि थर दबून अर्ध्याहून पातळ होतो. म्हणजे त्यातल्या चांदण्याही दबतात. थरात खाली किंवा वर जाणारी रेषा खरी होती त्यापेक्षा आडवी दिसते. ती किती खोल जाते हे आपण मायक्रोस्कोपच्या बारीक चाकीवरून वाचतो, आणि त्या आकड्याला थर किती पटीने दबला आहे त्या पटीने गुणून खरी खोली काढतो. गोम अशी की जिलेटिन हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यात पापड सादळतो तसा थर दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. मोठ्या प्रयोगशाळांत म्हणून खोलीची हवा वर्षभर एकसारखी ठेवतात. आमच्याकडे जालन्याची हवा होती.

सरांनी कामाच्या सुरुवातीला, माघातल्या कोरड्या थंडीत, थराची जाडी एकदा मोजली होती आणि तोच आकडा ते पुढे सगळ्या हिशेबांना लावत होते. मला ते पटायचं नाही. मी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी काचेवर तीन ठिकाणी जाडी मोजायची आणि एका निळ्या वहीत तारखेसह लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं. सर ते बघून म्हणाले, “बाई, तुम्ही काचेला थर्मामीटर लावता का रोज?” मीही हसले. वही मात्र बंद केली नाही.

चैत्र लागला. मुंबईहून कोणी बडे प्राध्यापक प्रयोगशाळा बघायला येणार होते, म्हणून एक दिवस खोलीत कूलर आला. पत्र्याचा, निळ्या रंगाचा, तीन बाजूंना वाळ्याचे पडदे. रहीमचाचांनी बादल्या भरभरून पाणी ओतलं. “बिलकुल काश्मीर करून टाकतो बघा, बाईसाब.” प्राध्यापक आले, तासभर बसले, चहा पिऊन गेले. कूलर राहिला. “तुमच्याचसाठी आहे,” सर म्हणाले, “उन्हाळा निघेल तुमचा.”

आणि आम्ही खूश झालो. हे लपवत नाही. पहिल्या दिवशी मी आणि सुमन त्या गार झोतापुढे केस मोकळे सोडून उभ्या राहिलो आणि शाळेतल्या मुलींसारख्या हसलो. सगळ्या शहरात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आमच्या खोलीत वाळ्याचा वास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाडी मोजली. वाढली होती. तिसऱ्या दिवशी आणखी. मी आकडे नेहमीसारखे वहीत लिहिले, सरांच्या टेबलावर आठवड्याच्या आठवड्याला त्यांची नक्कल ठेवली, आणि समजले की माझं काम झालं. नीटनेटक्या माणसांचा हा दोष असतो. लिहून ठेवलं की त्यांना वाटतं ते कुणीतरी वाचलं.

ते कुणी वाचत नव्हतं.

मे संपता संपता सर एक आलेख घेऊन धावत खोलीत आले. अक्षरशः धावत. गाभ्याचे तुकडे कुठल्या दिशेला किती उडाले, त्याचा तो आलेख होता, आणि त्यात बाजूच्या दिशेला एक उंचवटा होता. तुकडे समोर जास्त, मागे कमी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाजूला असा गठ्ठा कुणी अपेक्षिला नव्हता. “नांगर जमिनीतून गेला की ढेकळं कशी दोन्ही बाजूंना पडतात?” सर हातांनी दाखवत म्हणाले. “तसं! प्रोटॉन गाभ्यातून जाताना धक्क्याची लाट उठते आणि तुकडे बाजूला फेकते. बाई, हे जालन्यातून निघालंय!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रहीमचाचांना पेढे आणायला पाठवलं. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला होता.

आठवड्याने या शोधनिबंधाचं पहिलं पान टाइप होऊन आलं. शीर्षकाखाली तीन नावं: सरांचं, माझं, सुमनचं. परदेशातल्या मासिकात जाणार होतं. माझं नाव मी एकदा वाचलं आणि कागद खाली ठेवला, मनात काय होतं ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून. सुमनने आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग बोटाला शाई लागली का ते पाहिलं.

“सर, ह्याची कार्बन कॉपी मिळंल का मला? टेंभुर्णीला नेते.”

“घे की. वडिलांना वाचून दाखव.”

“त्यांना वाचून काय समजणार? बोट ठेवून दाखवते, हे मी म्हणून.”

तो कागद तिने घडी न घालता दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून नेला. मला ते बालिश वाटलं. असं मला वाटलं, हे लक्षात ठेवा.

जूनच्या सुरुवातीला वादळी वारा आला. पाऊस नाही, नुसती धूळ आणि वारा. विजेचे खांब आडवे झाले आणि अडीच दिवस शहरात वीज नव्हती. कूलर बंद. आम्ही खिडकीचा काळा कागद काढला, मायक्रोस्कोप उजेडाकडे ओढले आणि आरशावर ऊन घेऊन काम चालू ठेवलं. खोली भट्टी झाली होती. मोजणी ठीक होते आहे ना ते तपासायला आम्ही अधूनमधून एखादी जुनी चांदणी पुन्हा मोजायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन मोजता मोजता थांबली.

“बाई, हिकडं या. ही परवा मोजली तेव्हा लई उभी होती. आज निजून राह्यली.”

“चाकी नीट धरली नसशील.”

“तीनदा धरली. तुमी धरून बघा की.”

मी धरून पाहिलं. चांदणी तीच, रेषा तीच. परवाच्या नोंदीत ती जितकी खोल उतरत होती तितकी आज उतरत नव्हती. मग मी निळी वही उघडली. कूलर लागला त्या दिवसापासून जाडी चढत गेलेली, आणि वीज गेल्यापासून परत उतरलेली. थर फुगला, म्हणून खोलीचे आकडे वाढले. आणि त्या वाढलेल्या आकड्यांना सरांनी माघातल्या कोरड्या हवेची पट लावली. प्रत्येक चढती आणि उतरती रेषा खरी होती त्याहून उभी झाली, झोताच्या वाटेपासून लांब ढकलली गेली, आणि आलेखात बाजूला जाऊन साठली. नांगर नव्हता, ढेकळं नव्हती. रहीमचाचांच्या बादल्या होत्या.

खात्री करायला आम्ही संध्याकाळपर्यंत जुन्या नोंदी दोन ढिगांत वेगळ्या केल्या. काचेच्या पातळीत डावी-उजवीकडे गेलेल्या रेषा एकीकडे, वर-खाली गेलेल्या दुसरीकडे. उंचवटा फक्त दुसऱ्या ढिगात होता, आणि तोही कूलर लागल्यानंतरच्या नोंदींत. गाभा फुटताना त्याला काचेची वरची बाजू कुठली हे ठाऊक नसतं. तुकडे खरोखर बाजूला उडत असते तर डावीकडेही तितकेच उडाले असते.

“म्हंजे चांदण्या हलल्या न्हाईत,” सुमन म्हणाली. “आपणच त्यांना पाणी पाजलं.”

मी तिला तेव्हाच म्हणाले होते, हे तू पकडलंस. तिने मान डोलावली आणि लेन्सवरचं तेल पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी सरांकडे गेले. एकटी का गेले याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मला आवडत नाही: मला वाटलं, हे बोलणं इंग्रजीत, शिकलेल्या माणसांसारखं व्हावं. मी वही समोर ठेवली. सांगितलं की काम वाया जाणार नाही. प्रत्येक दिवसाची जाडी माझ्याकडे आहे, त्या त्या दिवसाची पट लावली की सगळं सरळ होईल. फक्त उंचवटा जाईल.

सरांनी वही चाळली. बराच वेळ चाळली. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं, हे मी त्यांच्या कानांवरून सांगू शकत होते. ते लाल झाले होते.

“निबंध गेलाय, बाई,” ते मराठीत म्हणाले. “परिषदेत वाचायचाय. संस्थेच्या अध्यक्षांनी गावभर सांगितलंय.”

“परत मागवता येईल.”

“तुमच्या खाजगी वहीच्या भरवशावर?”

“ती खाजगी नाही. दर आठवड्याला तुमच्या टेबलावर नक्कल ठेवत होते.”

“मी तुम्हाला जाडी मोजायला सांगितलं होतं का? तुमचं काम बघण्याचं. आणि कूलर कुणासाठी लावला होता? तुमच्याचसाठी ना?”

त्यांनी उपकाराची बादली माझ्या डोक्यावर ओतली. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मग या निबंधावर आमचं नाव नको. दोघींचीही नावं काढा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते गयावया करतील. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. “तुमची इच्छा,” ते म्हणाले.

मी ताठ मानेने बाहेर आले. सुमनला सांगितलं, मी आपली दोघींची नावं काढायला लावली, खोट्यावर आपली सही नको. ती चिमट्यात काच धरून उभी होती. “बरं, बाई,” म्हणाली. मी ते ‘बरं’ होकार म्हणून घेतलं. घरी येऊन आजोबांना सांगितलं, मुलांना सांगितलं. त्या रात्री मला फार शांत झोप लागली. त्या झोपेचा मला आज सगळ्यात जास्त राग आहे.

निबंध छापून आला. शेवटी ‘स्कॅनिंग करणाऱ्या’, म्हणजे मायक्रोस्कोपखाली काचा तपासणाऱ्या, ‘कर्मचाऱ्यांचे’ आभार होते. परिषद झाली, हार-तुरे झाले. मग इतर ठिकाणच्या लोकांनी आपापल्या काचांवर तोच उंचवटा शोधला आणि तो त्यांना सापडेना. विचारणा होऊ लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात, त्याच मासिकात, सरांची चार ओळींची दुरुस्ती आली. उंचवटा खरा नव्हता, आणि तो स्कॅनिंग करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मोजणीतल्या चुकांमुळे आला होता.

ते कर्मचारी म्हणजे आम्ही. आमच्या मोजणीत एकही चूक नव्हती. आम्ही जे दिसलं ते दिसलं तसं लिहिलं होतं. चूक ज्याने केली होती त्याला खरी जाडी कागदावर आठवड्याच्या आठवड्याला दिली जात होती.

मी त्या मासिकाला पत्र लिहिलं. टाइपरायटर भाड्याने आणला, वहीतले सगळे तक्ते जोडले, कूलरचं, वादळाचं, सगळं लिहिलं. असं स्वच्छ पत्र मी आयुष्यात दुसरं लिहिलं नाही. दोन महिन्यांनी सभ्य उत्तर आलं. निबंधातली दुरुस्ती ते फक्त निबंधाच्या लेखकांकडून स्वीकारतात, आणि माझं नाव लेखकांत दिसत नाही.

आजोबांनी ते पत्र वाचलं, चष्मा काढला. “दाव्यातून स्वतःचं नाव तूच काढून घेतलंस,” ते म्हणाले. “आता कोर्ट तुझं ऐकेल कशाला?” वकील माणूस, त्यांना दुसऱ्या भाषेत सांत्वन करता यायचं नाही. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते बरोबर होते म्हणून.

प्रकल्प गुंडाळला गेला. आमच्या तात्पुरत्या जागा संपल्या. मी एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. सर पुढे मोठे झाले. त्यांच्याबद्दल मी इतकी वर्षं इतकं रागावले की दुसऱ्या कुणाचा विचार करायला मला जागा उरली नाही.

मग नव्वदच्या दशकात कधीतरी, असाच कडक उन्हाळा असताना, मी आजोबांचे काही कागद घेऊन अंबडला गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी असताना मागून हाक आली, “बाई! अजून चांदण्या मोजून राह्यल्या का?”

सुमन होती. अंगाने भरलेली, कपाळावर घाम, हातात दोन पिशव्या. नवऱ्याची पिठाची गिरणी होती, ती चालवायची. मुलांच्या शिकवण्याही घ्यायची. आम्ही उसाचा रस घेतला. तिने रहीमचाचांची नक्कल केली, मी हसले. मग मी नेहमीचं सुरू केलं. सरांनी कसं केलं, ती दुरुस्ती, ते पत्र. मला वाटलं, ऐकणारं हक्काचं माणूस भेटलं आहे.

तिने ग्लास ठेवला.

“बाई, मी कॉलेजात लॅबच्या जागेसाठी गेल्ते. त्या टायमाला, आपलं काम सुटल्यावर. ती कार्बन कॉपी घेऊन गेल्ते मी. म्हणलं, हे बघा, परदेशात छापलेल्या कामावर आधी माझं नाव होतं. त्यांच्याकडं खरा अंक होता. त्यांनी उघडला. त्यात माझं नाव न्हाई. एक जण म्हणला, पोरी, खोटा कागद करून आणला का? दुसरा म्हणला, मोजणीत चुका करणाऱ्या त्या ह्याच का?”

मी म्हणाले, “सुमन, मी तत्त्वासाठी...”

“तुमी तुमचं काढलं ते बराबर. तुमचं होतं, तुमी काढलं. माझं कुणाला इचारून काढलं? सरांनी न्हाई इचारलं, समजू शकते. सर म्हणायचे, ह्या बघतात अन् आम्ही इचार करतो. तुमी बी तेच केलं की, बाई.”

तिने हे आवाज न चढवता सांगितलं. जालन्याची गाडी लागली होती, तिनेच माझी पिशवी उचलून वर दिली. खिडकीतून मी तिला दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते. ती मात्र वळून रसवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होती.

त्या दिवसानंतर माझ्या रागाची दिशा बदलली असं लिहिलं असतं तर छान झालं असतं. बदलली नाही. तो सगळ्या दिशांना पसरला. सरांवर आहेच, तो एका कणाने कमी झालेला नाही. ज्यांनी ती दुरुस्ती न तपासता छापली त्यांच्यावर आहे. त्या मुलाखतीतल्या, मुलीच्या हातातला कागद खोटा ठरवणाऱ्या माणसांवर आहे. आणि त्या बाईवर आहे, जी रोज सकाळी काचेची जाडी तीन ठिकाणी मोजायची आणि शेजारी बसलेल्या मुलीला एकदाही काही विचारायची नाही. जिला स्वतःचा आवाज हवा होता त्या बाईने दुसरीचाही आवाज स्वतःच्या ताठ मानेसाठी खर्च केला. इरा, तू विज्ञान घेणार म्हणतेस. घे. तिथे तुझ्यावर कुणी अन्याय करेल तेव्हा तुला चटकन समजेल. तू दुसऱ्यावर करशील तेव्हा तुला फार थोर वाटत असेल. एवढं मला ठाऊक आहे.

हे तुम्हाला पाठवण्याआधी आज सकाळी मी सुमनला फोन लावला. नंबर मिळवायला चार जणांना विचारावं लागलं. मागे गिरणीचा आवाज होता, तिने ती बंद करायला सांगितली. मी म्हणाले, मी नातवंडांना त्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे, तुझं नाव घालू का?

“आता इचारून राह्यल्या,” ती म्हणाली.

“हो. आता.”

“नुसतं सुमन लिहू नका मंग. सुमन काय, गल्लीगल्लीत हायेत. पुरं लिहा. माहेरचं. सुमन रखमाजी शेवाळे, मुक्काम टेंभुर्णी. चांदणी आडवी झाली हे पहिल्यांदा मी बघितलं, ते लिहा.”

“लिहिते.”

“अन् चूक कुणाची ते बी लिहा. सरांचीच लिहून मोकळ्या होऊ नका. तुमची बी लिहा.”

मी म्हणाले, लिहिली आहे. तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी पहिल्यापासून वाचायला घेतलं तशी ती म्हणाली, “न्हाई, तेवढंच वाचा.”

मी तेवढंच वाचलं.